पथिक क्रमांक सात

दवाखान्याच्या दारापासून खुर्चीपर्यंत बारा पावलं होती, आणि पेशंट खुर्चीत टेकायच्या आत त्याला काय झालंय ते त्रिशला आरवाडेला कळलेलं असायचं. बसल्यावर तो जे सांगायचा ते ती निव्वळ रीत म्हणून ऐकून घ्यायची. माणसं तोंडानं थापा मारतात, पायांना ती विद्या येत नाही, असं तिचं मत होतं. आणि स्वतःच्या मतांविषयी तिला आयुष्यात फारशी शंका कधी आली नव्हती.

मिरजेत डॉक्टरांना तोटा नाही. दर दुसऱ्या दारावर पाटी आणि पाटीखाली चपलांचा ढीग. त्यात त्रिशला साधी फिजिओथेरपिस्ट. तरी मेंदूचे मोठमोठे डॉक्टर तिची चिठ्ठी दिसली की पेशंटला रांग सोडून आत घ्यायचे. त्याला कारण होतं. पाच-सहा वर्षांपूर्वी कंपवातावर एक औषध निघालं होतं. मेंदूतल्या पेशी मरायचं ते थांबवायचं. मेलेल्या मात्र परत आणायचं नाही. वेळेवर सुरू केलं तर माणूस उरलेलं आयुष्य धडपणे जगायचा, आणि दोन वर्षं हातची गेली की औषधाचा उपयोग जेमतेम. पण वेळेवर कळायचं कसं? हात थरथरेपर्यंत फार उशीर झालेला असतो. त्याआधी कळतं ते चालीतून. चालताना एक हात हलायचा थांबतो, त्याच बाजूचं पाऊल बोटभर आखूड पडतं, वळताना माणूस एका दमात वळत नाही. घरच्यांना यातलं काही दिसत नाही. त्रिशलाला बारा पावलांत दिसायचं. अशी चौदा माणसं तिनं वेळेत धरून दिली होती, आणि तिचं सगळं नाव त्या चौदा माणसांवर उभं होतं.

या नावालाच त्या मार्चमध्ये घरघर लागली.

आधी आले दादासाहेब मगदूम, साखर कारखान्यातले निवृत्त केमिस्ट. डावा हात अंगाला चिकटलेला, डावं पाऊल आखूड. त्रिशलानं चिठ्ठी लिहिली. आठवड्यात दुसरे आले, मग एक शाळामास्तरीण आल्या. तेच सगळं. तिघांच्याही मेंदूचे फोटो निघाले आणि तिघंही ठणठणीत निघाले. तिसऱ्या फोटोनंतर डॉ. किणीकरांचा फोन आला.

"आरवाडे बाई, चष्म्याचा नंबर वाढला की काय?"

ते हसले. त्रिशला हसली नाही. सव्वीस वर्षांत तिला कुणी चष्म्याचा नंबर विचारला नव्हता. आता अशा चिठ्ठ्या परत येत राहिल्या, तर पंधराव्या खऱ्या माणसाला रांगेतून पुढं कोण घेणार, हा प्रश्न होताच. आणि खरं सांगायचं तर त्याहून मोठा प्रश्न होता की किणीकरांसारख्यानं आपल्याला हसावं.

शोध लागला तो नूरमहंमद सतारमेकरांमुळं. ते सतारी बनवायचे आणि खांदा शेकायला यायचे. बाहेरच्या बाकावर डोळे मिटून बसलेले असताना आत येऊन म्हणाले, "मॅडम, एक सांगू? तुमच्याकडं येणारी चार मानसं एकाच ठेक्यात चालत्यात. एक पाऊल पुरं, एक तोकडं. एकाच उस्तादाकडं शिकल्यागत."

"चाचा, खांद्याकडं लक्ष द्या," त्रिशला म्हणाली. कान देऊन चाल ओळखणारा हा कोण टिकोजी, असं तिच्या मनात आलं. पण तोवर तसल्या चालीचे पेशंट नऊ झाले होते. दुपारी तिनं त्या सगळ्यांना गुपचूप फोन केले, आणि नऊच्या नऊ जणांचं उत्तर एकच निघालं.

"चालायला कुठं जाता?"

"चालघरात की ओ मॅडम."

हे चालघर म्हणजे सांगली-मिरज रस्त्यावरचं एक बंद पडलेलं थिएटर. उन्हाळा आता फेब्रुवारीतच तापायचा, सकाळी आठनंतर बाहेर फिरू नका म्हणून फोनवर सरकारी निरोप यायचा, आणि त्या निरोपाच्या जिवावर 'अनुपथ' नावाच्या कंपनीनं तिथं चाळीस फिरते पट्टे मांडले होते. डोळ्यांवर डबा चढवायचा, कमरेला पट्टी बांधायची, आणि थंडगार हॉलमध्ये जागच्या जागी हिमालय चढायचा. यंत्र तसं समजायला सोपं होतं. कंपनीचा एक माणूस, ज्याला ते 'पथिक' म्हणायचे, डोक्यावर गोल कॅमेरा लावून एखादी वाट चालून यायचा. कॅमेरा चहूबाजूंचं टिपायचा. इथं गिऱ्हाईक पट्ट्यावर जितकं पुढं जाईल तितकंच ते चित्रण पुढं सरकायचं. तुम्ही थांबलात की झरा थांबायचा, उडता पक्षी हवेत लटकायचा. रेंगाळलात की गुराख्याची शीळ रडक्या सुरात निघायची. बायाबापड्यांना आणि पेन्शनरांना याचं कोण कौतुक! निसर्ग आपल्या गुडघ्यांच्या तालावर चालतो म्हणजे काय थोडी गोष्ट झाली? घामाचा थेंब न गाळता बाहेर यायचे, उसाचा रस प्यायचे आणि एकमेकांना सांगायचे, "आज देवदार केला." केला! जशी काही खिचडी केली.

नऊही जण वर्षभर रोज हा 'देवदार'च करत होते. चाळीस मिनिटांची जंगलातली वाट, चालघरातली सगळ्यात लाडकी.

"लई झकास हाय बघा," मगदूम फोनवर म्हणाले. "मधे दम खायची पण सोय केल्याली. एक गाव लागतंय, तिथल्या घरांपाशी पट्टा आपोआप थांबतोय दोन-दोन श्वास. लई डोकं लावलंय पोरांनी."

त्रिशलानं फोन ठेवला. या पोरांचं डोकं ठिकाणावर आणायचं तिनं नक्की केलं.

*

घरी तिनं यातलं काही सांगितलं नाही. सांगायचं कुणाला? घरात श्रेणिक होता.

श्रेणिक आरवाडे, तिचा नवरा, वीज खात्यात मीटर वाचायचा. लग्न ठरलं तेव्हा 'पर्मनंट नोकरी' या दोन शब्दांवर तिच्या वडिलांनी पोरगी देऊन टाकली होती. पुढं मीटर स्वतःच स्वतःला वाचायला लागले आणि पर्मनंट नोकरी गेली. तोवर त्रिशलाचा दवाखाना जोरात चालायला लागला होता. तेव्हापासून घरात श्रेणिकचं स्थान कपाटासारखं होतं. असतं, वाटेत येत नाही तोवर कुणी बघत नाही. पुढं चार वर्षांपूर्वी याच अनुपथनं त्याला पथिक म्हणून घेतलं. तीस वर्षं मिरजेच्या गल्ल्या पालथ्या घातल्यामुळं त्याचं पाऊल म्हणे घड्याळासारखं पडायचं. कंपनी त्याला कुठंकुठं पाठवायची. कुठं, ते त्रिशलानं विचारलं नाही. डोक्यावर गाडगं घालून चालायला माणसाला पगार मिळतो यातच काय ते आलं. त्यानं पहिल्या वर्षी हौसेनं तिच्यासाठी चालघराचा पास आणला होता. "येऊन बघ की एकदा," तो म्हणाला होता. "मला माझे पाय आहेत," ती म्हणाली होती. पास फ्रिजवर चुंबकाखाली राहिला आणि त्यावर गॅसवाल्याचा नंबर लिहिला गेला.

त्या संध्याकाळी ऊन असतानाच ती जेवायला बसली. सूर्यास्तानंतर न जेवायचा नेम तिच्या सासूनं घालून दिला होता आणि सासू गेल्यावरही तो चालू होता. स्वयंपाकघरात दूध करपल्याचा वास दाटला होता. श्रेणिक गॅसपासून हातभर अंतरावर उभा होता आणि त्याला पत्ता नव्हता.

"अहो, नाक आहे का नुसतं चष्मा ठेवायला दिलंय देवानं?"

"अरे! लागलं होय?" त्यानं घाईनं पातेलं उतरवलं. "हल्ली वासच येत नाही बघ मला."

"हल्ली तुम्हाला काय येतं ते सांगा."

तो हसला. त्याचं हसणंही हल्ली अर्धं व्हायचं. मग तो बस्तीत, म्हणजे त्यांच्या जैन मंदिरात, जायचा सदरा घालायला लागला आणि पहिलंच बटण लागेना. डाव्या हाताची बोटं काजाभोवती घोटाळत राहिली.

"वरात निघायचीय का? देवळाचं दार बंद होईल." ती चप्पल घालून पुढं निघाली. गेली दोन वर्षं हे असंच चाललं होतं. ती पुढं आणि तो मागं फरफटत. "पाय उचला जरा," ती मागं न बघता म्हणायची, आणि मागून "हो, हो" असा आवाज यायचा. पूर्वी निदान दर घराच्या मीटरपाशी थांबायची खोड म्हणून तो मागं पडायचा. कुठलंही गाव असो, भिंतीवर मीटर दिसला की याचे पाय दोन श्वास थबकणार, आकडा वाचून झाल्यावर पुढं. लग्नानंतर हंपीला गेले, तर समोर राजांचे महाल आणि हा बाहेरच्या चहावाल्याचा मीटर वाचतोय. तिला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

परत आल्यावर त्यानं टेबलावर एक कागद ठेवला. "त्रिशला, यंदाचा तो चालीचा फॉर्म आलाय. सवडीनं बघशील?"

कंपनीला दर वर्षी पथिकाच्या चालीचं प्रमाणपत्र लागायचं. दोन्ही हातांचा झोका, पावलांची लांबी, वळणं, तोल, असे चौदा रकाने आणि खाली नोंदणी असलेल्या फिजिओथेरपिस्टची सही. गेली दोन वर्षं तो फॉर्म तिच्याकडंच यायचा. घरातच डॉक्टर असताना बाहेर कोण जातं? पहिल्या वर्षी तिनं तो फोनवर बोलता बोलता भरला होता आणि दुसऱ्या वर्षी भाजी निवडता निवडता. चौदा रकान्यांत 'सामान्य', खाली सही. घरचाच तर माणूस.

"ठेवा तिथं," ती म्हणाली. वर त्यानं स्वतःचं नाव लिहिलं होतं, अक्षर मुंगीएवढं. "आणि अक्षर जरा मोठं काढा. कागदाचे पैसे आपण भरत नाही."

*

दुसऱ्या दिवशी दुपारी ती चालघराच्या मॅनेजरपुढं बसली होती. निमिष कानिटकर नावाचा तिशीचा पोरगा, दाढी कोरलेली, बोलताना प्रत्येक वाक्याला 'अनुभव' हा शब्द लावणारा. त्रिशलानं नऊ पेशंटांची टिपणं त्याच्यापुढं आपटली.

"मॅडम, आमचा अनुभव पूर्ण सुरक्षित आहे," निमिष म्हणाला.

"तो तुमच्यापाशी ठेवा. मला पट्टा कसा चालतो ते सांगा. खरं काय ते."

त्यानं सांगितलं, आणि सांगताना त्याला अभिमानच वाटत होता. सुरुवातीला गिऱ्हाइकं ओकायची. डोळा म्हणतो मी चाललो, कानातला तोल सांभाळणारा भाग म्हणतो काहीतरी गडबड आहे, आणि या भांडणात पोट ढवळतं. कंपनीनं चित्रणातले सगळे हिसके पुसून बघितले, तर लोकांना भुतासारखं तरंगल्याचा भास व्हायला लागला. शेवटी इलाज सापडला तो उलटा. पथिकाची चाल पुसायची नाही, जशीच्या तशी ठेवायची. म्हणून पट्टा एक नव्हे, दोन केले. डाव्या पायाखाली एक, उजव्या पायाखाली एक. पथिकाचा जो पाय जेवढा पडला तेवढाच तो पट्टा सरकतो. पथिकाच्या पावलांचा आवाज ठेवला आणि जमिनीवरची सावलीही ठेवली. माणूस समोरची सावली आपलीच समजतो, हातपाय आपसूक तिच्याशी जुळवून घेतो आणि पोट शांत राहतं.

दोन पट्टे म्हटल्याबरोबर त्रिशलाला पुढचं सगळं दिसलं. अर्धांगाच्या पेशंटसाठी असलं यंत्र तिनं स्वतः वापरलं होतं. एक पट्टा हळू आणि एक जलद ठेवला की दहा मिनिटांत पाय नवी चाल शिकतात आणि खाली उतरल्यावरही काही वेळ तसेच पडत राहतात. दहा मिनिटांनी एवढं होतं, तर वर्षभर रोज चाळीस मिनिटांनी ते अंगात मुरणारच. म्हणजे तिचा डोळा चुकला नव्हता. नऊ जणांच्या अंगात जो आजार दिसत होता तो अस्सल होता, फक्त त्यांचा नव्हता.

तिला इतका आनंद झाला की किणीकरांना तिथूनच फोन लावावासा वाटला.

"आता ऐका," ती म्हणाली. "ज्या माणसाच्या मागं तुम्ही हजारो लोक लावलेत ना, तो आजारी आहे. कंपवात. आणि आजचा नाही. हे चित्रण कधीचं?"

"देवदारचं? दीड वर्ष झालं."

"म्हणजे दुखणं किमान दोन वर्षांचं. लोकांची चाल महिना-दोन महिन्यांत सुटेल, त्यांचं सोडा. त्या बिचाऱ्याची दोन वर्षं गेली. औषध असून गेली! डोळे फुटले होते का सगळ्यांचे? त्याला घरदार नाही? बायको नाही? रोज समोर चालणारा माणूस दिसत नाही म्हणजे कसली माणसं असतात ही?"

निमिष गांगरला. "पण आम्ही दर वर्षी सर्टिफिकेट घेतो, मॅडम. त्याशिवाय कॅमेरा देतच नाही."

"कुण्या गाढवानं दिलं ते बघायचंय मला. काढा."

"काढतो. तोवर तुम्ही एकदा देवदार चालून तर बघा. म्हणजे कळेल तुम्हाला अनुभव."

पुरावा आपल्या पायांनीच घ्यावा म्हणून ती पट्ट्यावर चढली. डबा डोळ्यांवर आला आणि थिएटर नाहीसं झालं.

वाट सुंदर होती. हे तिला कबूल करावं लागलं आणि त्याचाही राग आला. उंचच उंच झाडं, मागून येणारं कोवळं ऊन, कुठंतरी खाली पाणी. तिनं पाऊल टाकलं तशी झाडं मागं सरली. दहा पावलांतच डाव्या पायाखालचा पट्टा तिला जाणवला. जरासा कमी पडत होता. आणि समोर धुळीत लांबलचक सावली पडली होती, डोक्यावर कॅमेऱ्याचं गाठोडं असलेली. उजवा हात झुलतोय, डावा कोपरात किंचित वाकून अंगाशी पडलाय. आखूड पाऊल. वळणावर सावली तीन तुकड्यांत वळली. त्रिशला मनात रकाने भरत गेली. शिकाऊ पोरालाही दिसेल इतकं उघड होतं. प्रमाणपत्र देणाऱ्याला भर चौकात उभं केलं पाहिजे, तिला वाटलं.

मग गाव लागलं. दगडी पाट्यांच्या छपरांची पाच-सात घरं. डावीकडं दरी, समोर बर्फानं झाकलेलं शिखर उन्हात न्हालेलं. पहिल्या घरापाशी पट्टा थांबला. दोन श्वास. मगदूमांची दम खायची सोय. पण सावलीचं डोकं शिखराकडं नव्हतं, दरीकडं नव्हतं. ते भिंतीकडं वळलं होतं. त्रिशलानंही तिकडं बघितलं. भिंतीवर विजेचा मीटर होता, काचेला तडा गेलेला.

पट्टा पुढं सरकला. पुढच्या घरापाशी परत थांबला. तिथंही मीटर.

आधी तिला हसू फुटलं. समोर हिमालय उभा आणि हा बावळट मीटर बघतोय, हंपीत चहावाल्याच्या—

ती थांबली. ती थांबली तशी वाट थांबली, पाण्याचा आवाज तुटला, आणि सावली एक पाऊल उचललेल्या अवस्थेत धुळीत थिजली. आता तिला हवा तेवढा वेळ होता. तिनं तो डावा हात बघितला. वाकलेली बोटं बघितली. काजाभोवती घोटाळणारी हीच ती बोटं. अंगठा बोटांना चिकटलेला, असा चिकटायला लागला की अक्षर बारीक होतं, वास तर त्याच्याही आधी जातो, हे ती शिकाऊ पोरांना दर वर्षी शिकवायची. बत्तीस वर्षांत आपल्या नवऱ्याला चालताना ती आज पहिल्यांदा बघत होती, आणि तीही त्याची सावली.

डबा काढला तेव्हा निमिष कागद घेऊन उभा होता. "सापडलं, मॅडम. पथिक क्रमांक सात. आम्ही नावं उघड करत नाही, पण सही करणारे डॉक्टर आहेत..." त्यानं खाली बघितलं, मग तिच्याकडं, मग परत खाली. "टी. एस. आरवाडे."

"पुढच्या वर्षाचंही असेल," त्रिशला म्हणाली.

"आहे. दोन्ही वर्षांचं तेच आहे." पोरगा मूर्ख होता, पण इतका नव्हता. त्यानं आवाज खाली आणला. "मॅडम, एक सुचवू? देवदार आम्ही आज काढून टाकतो. सरांना सुट्टी देतो. लोकांची चाल तुम्हीच म्हणता तशी सुटेल. हे दोन कागद बाहेर जायचं कारणच नाही. तुमचंही नाव राहील, आमचंही."

एरवी असल्या सूचनेवर तिनं त्याला दाढीसकट सोलला असता. पण आज तुच्छतेनं बघायला समोर दुसरं कुणी असेल तर बघायचं ना! तिनं त्याच्या खिशातलं पेन घेतलं आणि दोन्ही कागदांवर आडवं लिहिलं, 'न तपासता सही केली.' खाली नाव आणि तारीख घातली.

"याची एक प्रत डॉ. किणीकरांना पाठवा," ती म्हणाली. "त्यांना माझ्या चष्म्याची काळजी आहे."

*

घरी आली तेव्हा ऊन अजून खिडकीत होतं. श्रेणिकनं भाकरी आणि मुगाची उसळ मांडून ठेवली होती आणि स्वतः टेबलाशी बसून फॉर्मवर आपलं नाव पुन्हा लिहीत होता, मोठ्या अक्षरात. सुरुवातीची दोन अक्षरं मोठी आली होती. पुढची पुन्हा मुंग्या झाली होती.

"अहो, उठा," ती म्हणाली.

"जेवून घे आधी. मग सही कर निवांत."

"सही नाही करत. चालून दाखवा."

तो हसला. "आता? मी? कुठं?"

"इथून मागच्या दारापर्यंत आणि परत."

श्रेणिकनं तिच्या तोंडाकडं बघितलं आणि त्याचं हसू विरलं. तो उठला नाही. डावा हात उजव्या हातात घेऊन त्यानं मांडीवर ठेवला. "दिसलं होय तुला?"

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"ठाऊक असं नव्हे गं. दोन वर्षांपूर्वी हात जड वाटायला लागला. पाऊल अडायला लागलं. तू पेशंटांचं सांगतेस ते कानावर पडायचं, तर मनात पाल चुकचुकली. पण तुला सांगायचं कसं? तू म्हणाली असतीस, यांना आता आजारपणाची हौस आली." त्यानं हे कुठलाही राग न ठेवता सांगितलं. "म्हणून तो फॉर्म मुद्दाम तुझ्याकडं आणला. कंपनीचा डॉक्टर होता की, फुकट करून देत होता. म्हटलं, हिच्यापुढं कागद ठेवतो. काही असेल तर हिला दिसेलच."

त्रिशलानं फॉर्मवरच्या मुंगीएवढ्या अक्षरांकडं बघितलं.

"आणि तू वरपासून खालपर्यंत 'सामान्य' लिहिलंस. काय सांगू तुला, डोंगर उतरला माझ्या डोक्यावरचा. अख्खं मिरज हिच्या नजरेवर चालतं. हिला दिसलं नाही म्हणजे नाहीच."

"मग गेल्या वर्षी?"

"गेल्या वर्षी जास्तच वाटत होतं. पण तू परत तेच लिहिलंस की." तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, आभार होते. "तुझ्या सहीवर दोन वर्षं निर्धास्त झोपलो बघ मी."

सव्वीस वर्षांत तिनं पेशंटांच्या पुष्कळ नातेवाइकांना इतक्याच जवळून झापलं होतं. एवढे दिवस काय करत होता, एका घरात राहता ना, असं तोंडावर विचारलं होतं. त्यातला एकही शब्द आता दुसऱ्या कुणाला देता येत नव्हता. तिला स्वतःची किळस आली, आणि किळस घेऊन बसायलाही वेळ नव्हता. तिनं फॉर्म ओढला, नावापुढचं पहिलं कलम वाचलं आणि पेनाचं टोपण काढलं.

"उठा," ती म्हणाली. यावेळी आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

तो उठला. हजारो माणसं ज्याच्या पावलात पाऊल टाकून चालली तो माणूस आपल्याच घरात चालायला लाजला. सदरा खाली ओढला, घसा खाकरला आणि निघाला. मागच्या दारापाशी भिंतीवर जुना मीटर होता, कधीचा बंद पडलेला. त्याच्यापुढं तो सवयीनं दोन श्वास थांबला. मग तीन तुकड्यांत वळला आणि आखूड पावलं टाकत परत आला. तिनं पहिल्या रकान्यात लिहिलं, 'डावा हात, झोका नाही.' दुसऱ्यात लिहिलं. तिसऱ्यात अक्षर पुसट झालं तेव्हा तिनं डोळे पुसले.

"झालं?" श्रेणिकनं विचारलं.

"नाही. परत चाला," त्रिशला म्हणाली. "मी बघतेय."